आधी मुलीला खरं सांगा, मग करिअरचं बोलू

पत्र : माझी मुलगी सोलापुरात बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ८१ टक्के. कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी सहा महिने दर रविवारी विडी घरकुलात जात होती. तिथल्या विडी कामगार बायकांबरोबर बसायचं, चित्रं काढायची, त्यांची गाणी लिहून घ्यायची. प्राध्यापक म्हणतात, हे कॉलेज आणि वस्ती मिळून करायचं संशोधन आहे. माझ्या आईने विड्या वळून मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. ती आता थकली आहे, आमच्याकडेच असते. ज्या गल्लीतून आम्ही एवढ्या कष्टाने बाहेर पडलो, त्याच गल्लीत मुलगी वही घेऊन परत जाते, हे मला बघवत नाही. मागच्या महिन्यात मी कॉलेजात जाऊन तिचं नाव काढून घेतलं. तिला अजून सांगितलेलं नाही. वहीतलं एक पान सोबत जोडलं आहे, यात संशोधन कुठे आहे ते तुम्हीच बघा. तिला राज्यसेवेकडे कसं वळवावं?
– एक पालक, जुळे सोलापूर

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. टक्के, राज्यसेवा सगळं बाजूला राहिलं आणि मी एकाच वाक्यावर अडकले. ‘तिला अजून सांगितलेलं नाही.’

म्हणजे महिनाभर ती काय समजून बसली असेल? सरांनीच आपल्याला काढलं. आपलं काय चुकलं, कोणाशी वेडंवाकडं बोललो का, आपली वही कोणाला आवडली नाही का, हे ती मनाशी उगाळत असणार. आणि रोज रात्री तुमच्याच समोर जेवायला बसत असणार. मुलांवर ओरडणारे, मोबाईल काढून घेणारे, गाडीची किल्ली लपवणारे आईवडील मला रोज भेटतात. त्यांच्याशी मुलं निदान भांडतात तरी. तुम्ही तिला भांडायलाही जागा ठेवली नाही. मुलगी सज्ञान आहे. तिच्या पाठीमागे तिचं नाव काढायचा अधिकार तुम्हाला नव्हता. तिला न विचारता ते काढून द्यायचा अधिकार कॉलेजलाही नव्हता, हेही सांगते.

तेव्हा पहिलं काम हे. आज जेवणं झाली की तिला शेजारी बसवा आणि सांगा, ‘नाव मी काढलं. सरांनी नाही.’ लगेच कारणं सांगत बसू नका. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. ते सोसा. महिनाभर तिने जे सोसलं त्यापेक्षा ते कमीच आहे.

आता त्या गल्लीबद्दल. तुमची लाज मी समजू शकते, कारण मीही सोलापुरात विडी कामगारांच्या पूर्व भागातच वाढले. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेला पाला, कात्री, दोरा आणि घरभर तंबाखूचा वास. शाळेच्या दप्तरालाही तो वास यायचा आणि जुळ्या सोलापुरात फ्लॅट घेतला तरी नाकातून जात नाही. माणूस तिथून बाहेर पडतो तेव्हा मागे वळून बघायचं नाही असं ठरवून पडतो. पण तुमची मुलगी त्या गल्लीत परत गेलेली नाही. तिने तिथे एक दिवसही काढलेला नाही, मग परत कुठून जाणार? ती पहिल्यांदा जाते आहे. तुम्ही जे मागे टाकलं ते तिला घरात कोणी सांगितलं नाही, म्हणून ती बाहेर विचारते आहे.

तुम्ही पाठवलेलं पान माझ्यासमोर आहे. मध्ये शिसपेन्सिलीने बाईच्या शरीराची रेघ काढली आहे. मान, कंबर आणि दोन्ही गुडघे लाल पेनाने गिरवलेले. उजव्या अंगठ्यावर इतकं गिरवलंय की कागद फाटायला आला आहे. बाजूला देवनागरीत तेलुगू शब्द आहेत, ‘मेड’, ‘नडुमु’, आणि त्यांपुढे मराठीत मान, कंबर. हे शब्द तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जवळचे असतील. खाली कोपऱ्यात तिच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘प्रश्न चुकला. तास नको, हजार विचारा.’

तुम्ही विचारता संशोधन कुठे आहे. या ओळीत आहे.

तुमचा समज असा दिसतो की संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, आणि वस्तीत जाऊन बसणं म्हणजे एनएसएसचं शिबिर. हा समज शिकलेल्या माणसांमध्ये फार पक्का आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. विडी वळणाऱ्या बाईला ‘दिवसाला किती तास काम करता?’ विचारलं तर ती काय सांगणार? पहाटे विड्यांचा एक कट्टा (जुडी), मग भाकरी, नळाला पाणी आलं की सगळं टाकून पाणी, दुपारी पुन्हा सूप, रात्री मालिका बघत उरलेल्या. ती म्हणणार, ‘लिही आठ.’ अशा दोनशे बायकांच्या ‘आठ’वरून कोणी सुंदर तक्ता करेल, सरासरी काढेल, गणित बरोबर येईल आणि निष्कर्ष मुळापासून खोटा असेल. तिचं मोजमाप तासाचं नाहीच, हजाराचं आहे. २५ विड्यांचा कट्टा, असे ४० कट्टे म्हणजे हजार. मजुरी हजारावर मिळते, अंगठा हजारावर दुखतो. ही चूक वर्गात कोणी पकडू शकत नाही. वस्तीतल्या कोणा बाईने ती पकडली आणि तुमच्या मुलीने ती मान खाली घालून लिहून घेतली. शरीराची रेघ काढून त्यावर दुखणं दाखवायची पद्धतही कामगारांच्या आरोग्याच्या अभ्यासात जगभर वापरतात, कारण जे बोलायला जीभ रेटत नाही ते बोट ठेवून दाखवता येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हेच वेगळ्या अंगाने केलं. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायच्या, नोंदी ठेवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायच्या. ३९ गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभरातल्या आशा ताईंकडे गेलं. त्या बायकांच्या हातातल्या वह्या नसत्या तर तो शोधनिबंधही नसता.

पण असला प्रत्येक प्रकल्प चांगलाच असतो, असं मी म्हणणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात महाराष्ट्रात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे क्रेडिट आले आहेत, आणि कित्येक ठिकाणी त्याचा अर्थ बॅनर, चार फोटो आणि एक अहवाल एवढाच होतो. मुलीला घेऊन प्राध्यापकांना भेटा आणि हे विचारा. बाई दोन तास बोलायला बसली तर तिचे कट्टे बुडतात, त्याची भरपाई कोण करतं? गाणी छापली तर नाव कोणाचं, गाणाऱ्या बाईचं की लिहून घेणाऱ्याचं? पुढचा प्रश्न कोणता घ्यायचा, हे ठरवताना वस्तीतलं कोणी टेबलाशी असतं का? काम संपल्यावर तेलुगूत, मराठीत वस्तीला ते परत वाचून दाखवणार आहात का? उत्तरं गुळमुळीत आली तर मीच तिला सांगेन, बाई, सोड. वस्तीचा वेळ फुकट घेऊन कोणाच्या तरी नावापुढे पीएचडी लागणार असेल तर त्यात तिने राबू नये. आणि हो, नाव काढल्याने तिचे क्रेडिट अडकले आहेत का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती काळजी मनात असेल तर खोटी नाही. अशा संशोधनाच्या क्षेत्रात सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या असतात, करार संपला की पुन्हा शोधाशोध. लग्नाच्या बाजारात ‘करते काय?’ला एका शब्दात उत्तर देता येत नाही. हे मुलीलाही स्पष्ट कळू द्या.

राज्यसेवा पदवीनंतर द्यायची आहे, तिला वाटलं तर देईल. स्टॅटिस्टिक्स हा विषय आहे म्हणून यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षाही तिला खुली होईल, आणि आश्चर्य वाटेल पण ‘तास नको, हजार विचारा’ हे ज्याला कळतं तसा माणूस त्या सेवेला हवाच आहे. लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेवारीत रस असेल तर मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथूनच चालतं. टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) तुळजापूर कॅम्पस तर सोलापूरपासून तासाभरावर. एखाद्या रविवारी दर्शनाला जाल तेव्हा तिला घेऊन फाटकातून आत जाऊन या. आत्ता निर्णय घ्यायची घाई नाही, दीड वर्ष हातात आहे.

एक राहिलं. तुम्ही मला हे पान पाठवलंत, पण तुमच्या आईंना दाखवलंत का? मुलगी त्यांना अव्वा म्हणत असणार. त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे एकदा बघा. ‘नडुमु’ हा शब्द मुलीने वस्तीत ऐकला की घरात, हेही त्यांनाच विचारा.

पान तुम्ही मूळच पाठवलं आहे, झेरॉक्स नाही. एका कडेला वहीची शिवण उसवल्याच्या खुणा आहेत, म्हणजे तेही तिला माहीत नसावं. मी ते स्पीड पोस्टाने परत धाडते आहे. पाकिटावर नाव तुमचं घातलं आहे, तिचं नाही. तिच्या हातात ते तुम्ही द्यायचं आहे.