अननसात मुरवलेला स्टेक वरून लगदा, आतून चिवट

प्रश्न: ताई, आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. कोरियन पद्धतीने फ्लँक स्टेक, म्हणजे गोमांसाचा पोटाकडचा सपाट तुकडा, करून बघितला. सोया सॉस, ब्राऊन शुगर, आलं-लसूण आणि ताजं अननस वाटून लावलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर वरून पिठासारखा लगदा! पॅनमध्ये टाकल्या टाकल्या काळं पडलं, आत मात्र चिवटच, आणि कापल्यावर लाल पाणी आलं. ते रक्तच ना? मुलाने ताट बाजूला सारलं, फार वाईट वाटलं.

उत्तर: अगं, वाईट वाटणारच, एवढं मन लावून केलं होतंस. पहिली चूक अननसाची. आपण मटणाला कच्ची पपई लावतो ना, तेच काम ताजं अननस करतं आणि फार जोरात करतं, त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम मांसातली प्रथिनं तोडतं, पण फक्त वरवर, आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून वर लगदा आणि आत जसंच्या तसं. डब्यातल्या अननसाने असं होत नाही कारण तापवल्यामुळे त्यातला तो गुण गेलेला असतो. कोरियन घरांमध्ये बुलगोगीला, म्हणजे मुरवून भाजलेल्या मांसाच्या पातळ कापांना, पेअर (नाशपती) किसून घालतात, एशियन पेअर, तुमच्याकडे कोरियन दुकानात सहज मिळेल. तो सौम्य असतो आणि गोडवाही देतो. किवी घालायचाच तर चमचाभर, आणि अर्ध्या तासाच्या वर नको.

माझ्या मॅरिनेडचं, म्हणजे मांस मुरवायच्या मिश्रणाचं, प्रमाण सांगते, पाऊण किलो फ्लँकला पाव कप सोया सॉस, दोन टेबलस्पून ब्राऊन शुगर, अर्धा पेअर किसून, पाच-सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन पातीचे कांदे, मिरपूड, आणि एक टेबलस्पून तिळाचं तेल, पण ते भाजलेल्या तिळाचं गडद तेल हवं हं, आपलं घाण्याचं फिकट तेल घातलंत तर तो वासच येणार नाही. मीठ वेगळं नको. चार ते सहा तास, फ्रिजमध्येच.

आता काळं का पडलं? साखर जळली, आणि मांस ओलं होतं. ओल्या मांसातलं पाणी आधी उडावं लागतं, तोवर छान रंग येतच नाही, आणि मॅरिनेडमधली साखर मात्र करपते. म्हणून मॅरिनेड निथळून, लसणाचे तुकडे झटकून, पेपर टॉवेलने चक्क कोरडं पुसून घ्या. जीव कासावीस होतो, सगळी चव पुसतोय असं वाटतं, पण आत शिरायचं ते सोया सॉसमधलं मीठ शिरलेलं असतं. बिडाचा तवा मध्यम-मोठ्या आचेवर तापवून एका बाजूने चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने तेवढीच, जाडीप्रमाणे कमी-जास्त. उरलेलं मॅरिनेड खळखळून उकळल्याशिवाय वर ओतू नका.

लाल पाणी म्हणजे रक्त नाही, ते मायोग्लोबिन, स्नायूंमधलं लाल रंगाचं प्रथिन. घाबरू नका. थर्मामीटर घ्या, ६३ सेल्सियस म्हणजे १४५ फॅरनहाइट झालं की उतरवा आणि निदान तीन मिनिटं, मी तर आठ-दहा, न कापता ठेवा.

आणि चिवटपणा खरा गेला तर सुरीनेच जातो. फ्लँकमध्ये लांबलचक धागे स्पष्ट दिसतात, त्यांना आडवं, सुरी तिरकी धरून पातळ काप करा. धाग्याच्या दिशेने कापलंत तर कितीही मुरवा, मुलगा चघळतच बसेल.

प्रश्न: मुंबईत म्हशीच्या मांसाचं असं करता येईल का?

उत्तर: येईल की. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हशीचं मांस मिळतं. खाटकाकडे अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग, मागा. चरबी कमी असते म्हणून अख्खा स्टेक पटकन कोरडा पडतो, त्यापेक्षा फ्रीजरमध्ये पाऊण तास कडक करून बुलगोगीसारखे पातळ काप करा, वरचंच मॅरिनेड तासभर लावा, मोठ्या आचेवर थोडे थोडे परता. बाजारातलं मांस अर्धकच्चं ठेवू नका, पूर्ण शिजवा, पातळ असल्यामुळे दोन-तीन मिनिटांत होतं. सोबत गरम भात आणि काकडी.