लेक म्हणते थोतांड, बाबा म्हणतात जाऊन बघू

प्रश्न : माझी मुलगी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या बाबांची कंबर दिवाळीपासून धरली आहे. त्यांना कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, जायचंय. ही म्हणते, ते सगळं थोतांड. अजून शिकणाऱ्या पोरीचं कितपत ऐकावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, मी याच मुलांना शिकवते, त्यामुळे हा सूर माझ्या ओळखीचा आहे. पहिल्या वर्षाला हीच मंडळी मान कटकन मोडल्याची रील्स एकमेकांना दाखवत असतात. मग मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी शिकतात. मानेला झटका दिल्यावर ती आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, दुर्मीळ का होईना. ते वाचलं की कालचं कौतुक संपतं.

‘थोतांड’ म्हणायला इतिहासात आधारही आहे. 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी मणका सरकवून एकाचा बहिरेपणा बरा केल्याचा दावा केला आणि बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात असल्याचं सांगितलं. हे मुलांना तोंडपाठ असतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टर्सवर टाकलेला बहिष्कार 1987 मध्ये तिथल्या न्यायालयाने बेकायदा ठरवला, हे मात्र कुणी वाचलेलं नसतं. तिथल्याच फिजिशियन्सच्या संघटनेने 2017 मध्ये कंबरदुखीसाठी सुचवलेल्या बिनऔषधी उपायांत मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे हाताने झटका देणंही आहे; पुरावा कमकुवत, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

आणि तुमच्या लेकीच्या अभ्यासात मेटलंडच्या पाच ग्रेड, म्हणजे हाताने सांधा हलवण्याच्या पाच पायऱ्या, असतात. पाचवी ग्रेड म्हणजे तोच झटका! हे सांगितलं की वर्गातून कुणीतरी हमखास विचारतं, “मग मॅडम, त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?” मी सांगते, झटक्याआधी काय तपासलं ते बघा. ‘कट’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

अमेरिकेत परवाना मिळवायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं. आपल्याकडे या शाखेसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, तेव्हा पाटीमागे शिक्षण किती, हे तुम्हालाच विचारावं लागेल. एवढ्यापुरतं लेकीचं म्हणणं मला पटतं.

बाबांना आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जांघेत बधिरपणा, लघवी अडणं किंवा पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानेला झटका कुणालाच देऊ देऊ नका. आणि लेकीला विचारा, “पाचवी ग्रेड कुणाला करायची नाही?” हाडांचा ठिसूळपणा, जुनं फ्रॅक्चर, कॅन्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या... ती घडाघडा म्हणून दाखवेल. मग बाबांची फाइल काढा आणि दोघींनी मिळून एकेक ताडून बघा.