परदेशातील पगारी कलिनरी इंटर्नशिप निवडताना पगार पाहावा की हॉटेलचे नाव?

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षात परदेशी इंटर्नशिप निवडताना पगार पाहावा की हॉटेलचे नाव, आणि मुदत सहा महिन्यांची घ्यावी की बारा, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देते: पगार. हे उत्तर शिकवणाऱ्या मंडळींना रुचत नाही, याचा मला पुरेपूर अनुभव आहे.

माझ्यासमोर दोन पत्रे होती. एक नामांकित रेस्टॉरंटचे, तीन महिन्यांच्या बिनपगारी स्टाजचे, म्हणजे किचनमधील उमेदवारीचे; दुसरे अमेरिकेतील एका मोठ्या रिसॉर्टचे, जे-१ या प्रशिक्षणार्थींनाही मिळणाऱ्या व्हिसावरील बारा महिन्यांच्या पगारी इंटर्नशिपचे. मी दुसरे निवडले, तेव्हा आमचे प्रॅक्टिकलचे सर भर वर्गात म्हणाले, "शिकायला निघाली आहेस की कमवायला?" पगार घेणाऱ्याला कोणी शिकवत नाही, त्याला फक्त राबवून घेतात, असे त्यांचे ठाम मत होते. पहिले पत्र नाकारल्याचे कळताच माझ्या एका वर्गमित्राने तिथे अर्ज केला आणि त्याची निवडही झाली.

रिसॉर्टमध्ये पहिल्याच दिवशी मला बँक्वेट किचनमधील गार्द मांजेच्या, म्हणजे सॅलड, फळे अशा थंड पदार्थांच्या विभागाच्या, टेबलापाशी उभे केले गेले आणि पुढचे पाच महिने मी तिथून हलले नाही. शिफ्ट पहाटे पाचला सुरू व्हायची आणि टेबलाशेजारी खरबुजांचे आणि हनीड्यूचे खोके माझी वाट पाहत असायचे. फळाची दोन्ही टोके कापून ते बोर्डावर उभे करायचे, गोलाई धरून सुरी वरून खाली आणत साल काढायची, दोन भाग करून बिया चमच्याने खरवडायच्या, काप जाळीच्या पॅनमध्ये रचायचे म्हणजे सुटलेला रस खाली निथळतो, वर तारखेची पट्टी चिकटवायची आणि पॅन वॉक-इनमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रीजमध्ये, नेऊन ठेवायचा. पहिल्या आठवड्यात यात शिकण्यासारखे बरेच होते. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझा हात सुरीकडे न पाहता चालू लागला होता, आणि सरांचे वाक्य रोज पहाटे आठवत होते.

माझ्या खोलीत राहणारी दुसरी इंटर्न एका रात्री सहज म्हणाली, "तुझ्या डीएस-७००२ मध्ये काय लिहिले आहे?" जे-१ इंटर्नचा हा प्रशिक्षण आराखडा असतो आणि त्यावर इंटर्न, स्पॉन्सर (जे-१ कार्यक्रम चालवणारी आणि त्यावर देखरेख ठेवणारी संस्था) व यजमान हॉटेल अशा तिघांच्या सह्या असतात. मी तो न वाचताच सही केली होती. बॅगेच्या तळाशी तो सापडला: तीन महिने गार्द मांजे, पाच महिने हॉट किचन, चार महिने पेस्ट्री. हॉटेल क्षेत्रातील सहा महिने किंवा त्याहून मोठ्या कार्यक्रमात किमान तीन विभागांतून फिरवणे हा तिथला नियमच आहे. आठवड्याला किमान ३२ तास काम मिळाले पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे. सीझन ओसरल्यावर माझे तास २४ वर आले होते आणि राहण्याचे भाडे मात्र पगारातून पूर्ण कापले जात होते.

एक्झिक्युटिव्ह शेफ म्हणाले, "सीझन सुरू होऊ दे, मग बघू." मी पाच महिन्यांचे ड्युटी रोस्टर आणि पगाराच्या पावत्या जोडून स्पॉन्सरला मेल केला. दहाव्या दिवशी मी हॉट किचनच्या सॉस सेक्शनला होते आणि रोस्टरवर ३६ तास लागले होते. शेफ दोन आठवडे माझ्याशी कामापुरतेच बोलले, हे मान्य करते. पण रस आटून चमच्याच्या पाठीला कधी धरतो आणि पॅन आचेवरून उतरवूनच त्यात गार लोणी का घोळवायचे, हे त्याच किचनमध्ये, त्याच पगारात शिकले.

सरांच्या म्हणण्यात एवढे तथ्य होते की मला राबवून घेतले गेले. परंतु पगाराच्या पावतीवर तास छापलेले होते, म्हणूनच मला ते सिद्ध करता आले. माझा वर्गमित्र तीन महिने चिमट्याने पाने निवडत होता; त्याच्या तासांची नोंद कुठेच नव्हती, मग तक्रार तो कशाच्या आधारे करणार होता? फुकटच्या हातांचा हिशोब कोणी ठेवत नाही. कोपनहेगनच्या नोमा या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटनेदेखील इंटर्नना पगार देणे सुरू केले ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे रेस्टॉरंट उघडल्यानंतर जवळपास दोन दशकांनी. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा लांब स्टाजसाठी मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथल्या शेफना त्यामुळे शिकवता येईनासे झाले आहे, असे मी तरी ऐकलेले नाही.

आता मुदतीविषयी. फ्रान्समध्ये एका ठिकाणचे स्टाज सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही. अमेरिकेत हॉटेल क्षेत्रासाठी कमाल मर्यादा बारा महिन्यांची आहे. तीन विभागांचा नियम सहा महिन्यांपासून पुढेच लागू होतो, म्हणून कोणी पाच महिन्यांचा प्रस्ताव दिला तर मी तो घेणार नाही. आणखी एक बारीक गोष्ट: जे-१ वर नव्याने आलेल्या इंटर्नच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या तिथल्या निवृत्तिवेतन व आरोग्यविम्याच्या करांची कपात सहसा व्हायला नको असते, तरीही ती होते, पहिलीच पावती नीट पाहावी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझा वर्गमित्र आज माझ्यापेक्षा कितीतरी सरस प्लेटिंग करतो आणि त्याची ती नजर त्या बिनपगारी तीन महिन्यांत तयार झाली, असे तो स्वतः सांगतो. घरून खर्च झेपत असेल आणि शेफ खरोखर शिकवणारा असेल, तर माझे उत्तर आपल्याला लागू होणार नाही.

परतल्यावर मी तो आराखडा सरांना नेऊन दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारले, "पेस्ट्रीचे चार महिने पूर्ण मिळाले का?" तीनच मिळाले होते.