सी.ए. की इकॉनॉमिक्स, आणि त्यात युद्धाच्या कर्जाचा काय संबंध?

तुझं पत्र वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. ही मुलगी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात घर, बारावी कॉमर्स गुजरात बोर्ड, मॅथ्स नाही, स्टॅटिस्टिक्स आहे. बाबांचं म्हणणं मुकाट्याने सी.ए. कर. हिला करायचंय इकॉनॉमिक्स, कारण वक्तृत्व स्पर्धेत युद्धाचं कर्ज, सरकारची ताकद आणि लोकांचं स्वातंत्र्य असा विषय मिळाला आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. बाबा म्हणतात हे सगळं पॉलिटिक्स आहे, याने पोट भरत नाही. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीये की पणजोबा सोनारकाम करायचे, 63 साली काम बंद पडलं, पण का ते घरात कोणी नीट सांगत नाही.

अगं, ती ओळच तर तुझा विषय आहे!

1962च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झालं, आणीबाणी जाहीर झाली, डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स आले, म्हणजे युद्धकाळात सरकारला जादा अधिकार देणारे नियम. लढाई महिनाभरात थांबली पण सरकारला पैसा हवा होता, परकीय चलन हवं होतं, आणि लोकांचा पैसा तर सोन्यात अडकलेला. आधी लोकांकडून सोनं घेऊन बदल्यात द्यायचे गोल्ड बाँड काढले, मग जानेवारी 1963मध्ये अर्थमंत्री मोरारजीभाई देसाईंनी गोल्ड कंट्रोल आणला, म्हणजे 14 कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचाच नाही. आता 22 कॅरेटचं मंगळसूत्र मागणारं गिऱ्हाईक 14 कॅरेटचं कशाला घेईल, त्यामुळे देशभरात लाखो सोनार रिकामे बसले. तुझे पणजोबा बहुतेक त्यातलेच. 14 कॅरेटची अट 1966मध्ये सुटली पण कंट्रोल राहिलाच, 1968मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला आणि तो गेला थेट 1990ला. ती आणीबाणीसुद्धा जानेवारी 1968पर्यंत चालू होती, लढाई एका महिन्याची आणि अधिकार पाच वर्षांचे.

माझ्या मते या विषयाचा गाभा हाच. युद्धाचं बिल मोठं असतं ते असतंच, पण ते भागवायला म्हणून सरकार जे अधिकार हातात घेतं ते बिल भागलं तरी परत देत नाही. परदेशी चलनावरचा कंट्रोल 1939ला दुसऱ्या महायुद्धासाठी आला, 1947ला कायदा झाला, 1973ला फेरा म्हणून आणखी कडक झाला, सुटसुटीत फेमा यायला 2000 साल उजाडलं. कंपनीने शेअर काढायचे तर सरकारची परवानगी, हे 1943चं, ते 1992ला गेलं. राजकीय बाजूलाही तेच, पहिल्या महायुद्धासाठी 1915चा डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्ट, युद्ध संपल्यावर तेच अधिकार चालू ठेवायला 1919चा रौलट ॲक्ट, आणि पुढे जालियनवाला बाग. त्याच युद्धात हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटनला 10 कोटी पौंडांची "भेट" गेली, आणि ती देणाऱ्या जनतेला कुणी विचारलं नव्हतं.

आणि भाषणात अमेरिका, ट्रिलियन डॉलर वगैरे घातलं असशील तर ठीक आहे, पण बडोदं कसं विसरलीस? 1802ला गादीवर आनंदराव गायकवाड, शहराचे दरवाजे अरब शिबंदीच्या, म्हणजे पगारी शिपायांच्या ताब्यात, त्यांचा पगार थकलेला आणि पगार मिळाल्याशिवाय ते हलायला तयार नाहीत. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मेजर वॉकर आला. अरबांचा हिशोब चुकता करायला थोडा पैसा कंपनीने दिला, थोडा शहरातल्या सावकारांनी, पण सावकारांनी दिला तो कंपनी जामीन राहिली म्हणून, आणि परगण्यांचा वसूल कर्जाला लावून दिला. जामीन राहिल्यावर हिशोब बघायचा हक्क आला, हिशोबामागून कारभारात बोलायचा आला, कंपनीने ज्याला अभय दिलंय त्याला हात लावायचा तर रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला विचारायचं. 1805च्या तहात तैनाती फौजेच्या खर्चासाठी 11 लाख 70 हजार उत्पन्नाचा मुलुख गेला आणि बाहेरच्या राज्यांशी काय बोलायचं तेही कंपनी ठरवायला लागली. हे कंपनीकडून लढाईत हरून झालेलं नाही बरं का, फौजेची थकबाकी भागवता भागवता झालंय. हरिभक्तींसारख्या सावकारी पेढ्या त्या काळच्या, कॉलनीच्या पाटीवर ते नाव तू रोज वाचत असशील.

आता एक टोचणारी गोष्ट. "कर्ज म्हणजे गुलामी" एवढंच म्हणायचं असेल तर त्याला डिग्री लागत नाही. युद्ध लादलं गेलं तर पैसा उभा करावाच लागतो, आणि सगळा एकाच वर्षी टॅक्समधून काढला तर लोकांचं कंबरडं मोडेल, म्हणून कर्ज. याची दुसरी बाजू ॲडम स्मिथने 1776लाच मांडलीये, कर्जावर युद्ध चाललं की लांब राहणाऱ्यांना त्याची झळ लागत नाही, झळ लगेच टॅक्समधून लागली असती तर युद्धं लवकर आवरली असती. दोन्ही पटतं ना? मग आकडे घेऊन बसायचं, आणि ते काम करणाऱ्यांना पगार मिळतो. आणि हो, आजचं भारत सरकारचं कर्ज मुख्यतः युद्धाचं नाही, भाषणात तसं ठोकून दिलं असशील तर काढ. 2025-26च्या बजेटमध्ये रुपयातले 20 पैसे व्याजाला आणि 8 पैसे संरक्षणाला होते, पण ते व्याज रस्ते, सबसिडी, पगार सगळ्यासाठी काढलेल्या कर्जाचं आहे.

करिअरचं म्हणशील तर या विषयाला, म्हणजे सरकार पैसा कसा उभा करतं आणि खर्च करतं याच्या अभ्यासाला, पब्लिक फायनान्स म्हणतात. एम.ए. इकॉनॉमिक्स केलंस की यू.पी.एस.सी.ची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे, रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्यांमध्ये इकॉनॉमिस्टची वेगळी भरती असते, बँकांच्या ट्रेझरीत सरकारी रोखे बघणारी माणसं लागतात, रेटिंग एजन्सी आहेत, दिल्लीला एन.आय.पी.एफ.पी.सारख्या पब्लिक फायनान्सवर संशोधन करणाऱ्या संस्था आहेत. रिसर्चमध्ये सुरुवातीचा पगार सी.ए.पेक्षा कमी असतो, हे बाबांपासून लपवू नकोस, त्यांची काळजी काही चुकीची नाही. पण त्यांना हेही सांग की बडोदा कॉलेजात शिकलेले आय. जी. पटेल पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले.

आणि सी.ए.ला नाक मुरडू नकोस. सरकारचा खर्च तपासणारं कॅगचं खातं आहेच, आणि ताळेबंद वाचता न येणारा इकॉनॉमिस्ट माझ्या मते अर्धाच. एम.एस.यू.ला, म्हणजे तुमच्या सयाजीराव युनिव्हर्सिटीत, बी.कॉम. करून बरोबर सी.ए.ची पहिली परीक्षा, फाउंडेशन, दे आणि मग एम.ए.कडे वळ, असंही करता येईल, बाबाही खूश. सरळ बी.ए. इकॉनॉमिक्स करायचं तर तेही एम.एस.यू.ला आहे.

तुझी खरी अडचण मॅथ्सची आहे, ज्याबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला बारावीला मॅथ्स लागतं, आणि पुढे एम.ए.च्या एन्ट्रन्सना तर ते लागतंच, नुसत्या स्टॅट्सवर भागत नाही. एन.आय.ओ.एस. या राष्ट्रीय मुक्त शाळेतून एकटा मॅथ्स विषय देता येतो, पण जिथे ॲडमिशन घ्यायचं त्यांना असा वेगळा दिलेला विषय चालतो का, हे आधी ईमेल करून लेखी विचारून घे, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस. हे याच महिन्यात कर, नाहीतर फॉर्मची तारीख निघून जाईल आणि मग बाबांना आयतंच कारण मिळेल.