जुनी सिपानी डॉल्फिन घरीच दुरुस्त करून थोडी मॉडिफाय करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही गाडीबद्दल तीन गोष्टी सांगितल्या आहेत: बॉडीला ठिकठिकाणी तडे आहेत, दारं खाली बसली आहेत, आणि पुढेमागे मारुतीचं इंजिन टाकायचा विचार आहे. सुरुवात रंगापासून करू नका, इंजिनापासूनही नको. आधी बॉडी आणि चेसिस वेगळी करा.

डॉल्फिन ही बंगळूरच्या सिपानीने १९८२ मध्ये आणलेली गाडी, मूळ ब्रिटनच्या रिलायंट किटनचं. खाली लोखंडी चेसिस, वर बोल्टांनी बसवलेली फायबरची (काचेचे धागे आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, यांची) बॉडी, ८४८ सीसीचं चार सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. फायबर गंजत नाही, त्यामुळे अशी गाडी बाहेरून फसवते. गंजतं ते फायबरला धरून ठेवणारं लोखंड: बॉडीचे बोल्ट, फायबरमध्ये गाडलेल्या पट्ट्या, बिजागऱ्या, चेसिस. तडे, बसलेली दारं, मिणमिणते लाइट या बहुतेक तक्रारी फायबर आणि लोखंड जिथे भेटतात तिथूनच निघतात.

एकही बोल्ट खोलण्याआधी कागदपत्रं बघा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का ते तपासा, फोटो काढून ठेवा. चेसिसवर नंबर असलेला भाग ग्राइंडरने घासू नका आणि तिथे वेल्डिंगही करू नका. नंबर गेला की गाडी रस्त्यावर आणणं फार अवघड होतं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांची सोय ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना आहे, म्हणजे तुमची डॉल्फिन सध्या त्यात बसत नाही.

बॉडी उचलण्याआधी दारांच्या फटी चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. दारं काढल्यावर चौकटीत लोखंडी पाइप किंवा लाकडी दांडा आडवा घट्ट बसवा, नाहीतर उचलताना बॉडी पिळवटते आणि मग दार कधीच नीट बसत नाही. गंजलेले बोल्ट जोर लावून फिरवायला जाऊ नका. बोल्टचं डोकं फायबरमधल्या पट्टीला धरलेलं असतं. बोल्ट फिरला की पट्टी आजूबाजूचं फायबर फाडून बाहेर येते. दोन दिवस आधी गंज सोडवणारं तेल मारा, तरीही हलला नाही तर नट कापून काढा. प्रत्येक बोल्टच्या जागी किती जाडीच्या पट्ट्या किंवा वॉशर होते तेही लिहा. त्या जाडीवरच बॉडीचा आकार टिकून असतो. सगळं सुटलं की रिकामी बॉडी चार-पाच जणांना हाताने उचलता येते. ती उन्हात तिरकी टेकवून ठेवू नका, सपाट आधारावर ठेवा.

चेसिसमध्ये माती आणि पाणी साचणाऱ्या जागा आधी ठोकून बघा: बॉडी टेकते त्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, बॉक्स सेक्शनची (चौकोनी पोकळ नळ्यांची) खालची बाजू. हातोडीचा आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर तो तुकडा कापून नवा लावायचा, वरून पॅच मारायचा नाही. पॅचच्या आत गंज चालूच राहतो. वेल्डिंगच्या आधी आणि नंतर चेसिसचे दोन्ही कर्ण मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पुढे जाऊ नका, आधी चेसिस सरळ करून घ्या. वेल्डिंग बॉडी बसलेली असताना कधीही करू नये, फायबर पेट घेतं. शेवटी झिंकचा प्रायमर, त्यावर रंग, आणि बॉक्सच्या आतल्या पोकळीत फवाऱ्याने मेण.

आता फायबर. बाहेरचा तडा दिसला की पेंटर लांबी (पुट्टी) भरतो आणि सहा महिन्यांत तडा परत दिसतो. लांबीने फट बुजते, ताकद येत नाही. दुरुस्ती आतल्या बाजूने करायची. ताऱ्यासारखे पसरलेले तडे आतून धक्का बसल्याचे असतात, बोल्टच्या भोकातून निघालेला तडा जास्त आवळल्याचा किंवा पट्टी सुटल्याचा, आणि रंगावर जाळी पडली असेल तर बहुधा जेलकोट (फायबरवरचा रेझिनचा गुळगुळीत थर) म्हातारा झालेला असतो. जाळीखालचं फायबर शाबूत असेल तर मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चटई) लावायची गरज नाही, घासून इपॉक्सी प्रायमर पुरतो.

खऱ्या तड्यासाठी पद्धत अशी. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. आतली बाजू ॲसिटोनने पुसा. मेण किंवा तेल राहिलं तर नवा थर सोलून निघतो. मग ४० नंबरच्या पेपरने तड्याच्या दोन्ही बाजूंना निमुळता उतार द्या. उतार जाडीच्या १२ पट हवा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला साधारण ३५ ते ४० मिलिमीटर. आरपार भोक असेल तर बाहेरून पुठ्ठ्यावर पॅकिंगची चिकटपट्टी लावून टेकवा, रेझिन तिला चिकटत नाही.

मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅमची घ्या. तिचा एक थर रेझिनसह सुमारे १ मिलिमीटर होतो, म्हणून ३ मिलिमीटरला तीन थर. मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड जुन्या थरात विरघळल्यासारखी मिसळते. सगळ्यात मोठा तुकडा आधी, मग लहान. पॉलिएस्टर रेझिन मॅटच्या वजनाच्या २ ते २.५ पट लागतं: १ चौरस मीटरला दोन थर म्हणजे ९०० ग्रॅम मॅट आणि सुमारे २ किलो रेझिन. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती नव्हे. काचेशिवाय रेझिन ठिसूळ असतं.

एका वेळी ३०० ते ५०० ग्रॅमच रेझिन मिसळा. ५०० ग्रॅमला हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव) ५ ते ७ मिलिलिटर, कडक उन्हाळ्यात ५ पुरे. त्याहून फार कमी टाकलं तर रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही, आणि ती कच्ची जागा नंतर रंगातून वर येते. रेझिनमध्ये कोबाल्ट (ते लवकर घट्ट करणारं द्रव) आधीच घातलेलं आहे का ते डब्यावर वाचा. नसेल तर डब्यावरच्या प्रमाणात आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा आणि त्यानंतरच हार्डनर टाका. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. त्यांच्या बाटल्या वेगळ्या कपाटात आणि मोजायची भांडी वेगळी ठेवा. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते; गॉगल घातल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि गेलाच तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठा. घासताना धुळीचा मास्क, लेप देताना सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क रेझिनच्या वाफा अडवत नाही.

आधी जागेवर रेझिन लावा, मग मॅट ठेवा आणि ब्रशने ठोकत भिजवा. ब्रश ओढला की धागे गोळा होतात. खाचांच्या रोलरने हवा काढा. पांढरट डाग दिसला तर तिथे हवा आहे किंवा मॅट कोरडी राहिली आहे. एका दमात तीन-चार थरांपुढे जाऊ नका, उष्णता साठून थर वाकतो. भांड्यात उरलेलं रेझिनसुद्धा तापतं, ते कचऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून ठेवा. पावसाळ्यात हे काम टाळा. ओलावा शोषलेली मॅट नीट भिजत नाही आणि तो दोष वरून दिसतही नाही. १५ अंशांखालीही लेप देऊ नका.

इपॉक्सी (दुसऱ्या प्रकारचं रेझिन) जास्त चिकटते, म्हणून सगळं इपॉक्सीत करावं का? बिजागरी आणि बोल्टच्या जागी जरूर, बाकी पॉलिएस्टर पुरेसं आहे. मात्र इपॉक्सीबरोबर ही मॅट वापरू नका. मॅटचे धागे धरणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. तिथे २०० ते ३०० ग्रॅमचं विणलेलं ग्लास क्लॉथ घ्या. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोटही नीट धरत नाही.

दारं बसण्याचं कारण बहुतेक वेळा बिजागरीच्या मागे असतं: भोकं मोठी झालेली, मागची पट्टी गंजून फुगलेली. जुनी पट्टी काढा, आतून क्लॉथचे तीन-चार थर द्या, ३ मिलिमीटरची स्टेनलेसची पट्टी इपॉक्सीने बसवा आणि भोकं नव्याने पाडा. भोक बोल्टपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठं हवं, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. फायबरमध्ये थेट स्क्रू पिळणं बंद करा, पुढचा तडा तिथूनच निघेल.

सीटबेल्टबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. बेल्टचा बोल्ट नुसत्या फायबरला धरलेला असेल तर अपघातात तो भोकासकट बाहेर येतो. बेल्टचा भार लोखंडी ब्रॅकेटने चेसिसपर्यंत गेला पाहिजे. फायबरमागची मोठी पट्टी हा दुसरा आधार, पहिला नव्हे.

जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर वापरू नका, तो फायबरमध्ये मुरतो आणि नंतर फोड येतात. हीट गन आणि सँडब्लास्टिंगही नको. ८० नंबरपासून पेपरने हाताने घासा. दुरुस्ती झाल्यावर किमान दोन आठवडे थांबा. घाई केली तर रेझिन आणखी आकसतं आणि रंगातून मॅटचे धागे उमटतात. मग इपॉक्सी प्रायमर, फिलर प्रायमर, पीयू (पॉलियुरेथेन) रंग. भट्टीत ६० अंशांपुढे नको. रंग फिका निवडा, काळा पृष्ठभाग उन्हात इतका तापतो की साधं पॉलिएस्टर मऊ पडू लागतं. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या.

वायरिंगमध्ये लोखंडी गाडीची सवय नडते. फायबरमधून करंट परत जात नाही, प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागते. जुन्या वायरिंगमध्ये ती गंजलेल्या बॉडी बोल्टवर जोडलेली असते, म्हणून इंडिकेटर दिला की टेललॅम्प मिणमिणतो. पुढे एक आणि मागे एक अशी पितळी अर्थ पट्टी बसवा, दोन्ही जाड वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला आणा, आणि इंजिन ते चेसिस किमान १६ चौरस मिलिमीटरची वेणीसारखी विणलेली वायर लावा. हेडलाइटला रिले द्या. प्रत्येक सर्किटला फ्यूज हवाच, ही बॉडी जळणारी आहे.

इंजिनाचं माझं मत स्पष्ट आहे: मूळचं ठेवा. मारुती ८००चं इंजिन आडवं आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह देणारं, ते इथे बसत नाही. ओम्नीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उभे आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह देणारे, त्यामुळे ते निदान पटण्यासारखं आहे. पण ओम्नीत ते सीटखाली झुकवून बसवलेलं असतं. माउंटिंग, कार्ब्युरेटरची जागा, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, सगळं नव्याने करावं लागेल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी आधी लागेल. मूळ इंजिनाला वेट लायनर (कूलंटमध्ये बसलेल्या, सुट्या होणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) आहेत. हेड काढल्यावर लायनर क्लॅम्पने दाबल्याशिवाय क्रँक फिरवू नका, लायनर उचलले की खालचं सील जातं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी कधीच नको, ते ॲल्युमिनियमला आतून खातं. तयार कूलंट घाला. करण्याजोगा बदल म्हणजे थर्मोस्विचवर (तापलं की आपोआप चालू होणाऱ्या स्विचवर) चालणारा इलेक्ट्रिक फॅन. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे फुगतात आणि भेगाळतात, ते सगळे इथेनॉल चालणारे टाका, कार्ब्युरेटरचे वॉशर आणि डायफ्रामही.

ब्रेकचे होज आणि व्हील सिलिंडर चांगले दिसले तरी नवे घाला. टायर बदलताना एकूण व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. रुंद टायर लावून चाकाची कमान कापायचा मोह टाळा. त्या कमानीच्या वळलेल्या कडेनेच बाजूचं पातळ फायबर ताठ राहतं.

जोडताना बॉडी चेसिसवर बसवा, लिहून ठेवलेल्या पट्ट्या घाला, बोल्ट हलकेच धरा, दारं लावून फटी जुळवा आणि मगच सगळे बोल्ट थोडे-थोडे करून आवळा. काचा सगळ्यात शेवटी. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर रबरी पॅड दबलेले असतात, तेव्हा बॉडीचे नट पुन्हा बघा. आवळताना बोल्टचं डोकं पान्याने धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा.