सोडा फरशीला, हाताला नाही

"लॅबमध्ये ॲसिड अंगावर उडालं तर आधी सोडा लावायचा की बर्नॉल?" असं विचारलंय. दोन्ही नाही. पाणी! निदान पंधरा-वीस मिनिटं धार धरायची, आणि धरतानाच घड्याळ, बांगड्या, भिजलेली ओढणी काढायची.

आता पुस्तकात नळ आहे असं धरूनच लिहिलेलं असतं. मी लातूरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. २०१६ चा एप्रिल आठवा, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हाचा. नळ नुसते फुसफुसायचे. लॅबच्या दाराशी मी एक ड्रम भरून ठेवला होता. ते पाणी ऑफिसच्या कूलरमध्ये गेलं. बोललो तर विभागप्रमुख म्हणाले, "सोडा आहे की कपाटात. ॲसिडवर बेस, संपला विषय."

पुढं बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत, ब्राउन रिंग टेस्ट (नायट्रेट ओळखायची चाचणी) करताना एका पोरीच्या मनगटावर कॉन्क सल्फ्युरिक, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, सांडलं. सर सोड्याची बरणी घेऊन आले. मी त्यांना कोपरानं बाजूला सारलं (हो, सारलं) अन् डिस्टिल्ड वॉटरचे कॅन तिच्या हातावर रिते केले. कातडी लाल झाली, जराशी सोलली, तेवढ्यावर निभावलं. मला मात्र मेमो मिळाला, परीक्षेचं डिस्टिल्ड वॉटर विनापरवानगी वापरलं म्हणून.

सर आता रिटायर झालेत. लग्नाकार्यात भेटले की अजून तेच: "कॉन्क सल्फ्युरिकवर पाणी ओतलं की तापतं, शिकवलं होतं ना?" सर, तो नियम बीकरचा. हातावरच्या थोड्या ॲसिडवर भरपूर पाणी सोडलं की उष्णता पाण्याबरोबरच वाहून जाते. सोडा टाकला तर फसफसून उडतं, तापतं आणि धुवायची पहिली मिनिटं वाया जातात. सोडा सांडलेल्या फरशीवर पसरा, फसफस थांबेपर्यंत.

प्रॅक्टिकलला उभं राहण्याआधी नळ फिरवून बघा. पाणी नसेल तर ॲसिडची बाटली उघडायचीच नाही, मग परीक्षक कितीही घाईत असोत.

बर्नॉलचं राहिलंच. डॉक्टरांनी बघेपर्यंत काहीच चोपडू नका. डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठा. कळीचा चुना किंवा सोडियमचा तुकडा अंगावर पडला तर आधी कोरडंच काढायचं, पाणी नंतर. आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असेल तर नुसत्या धुण्यावर थांबू नका, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लागते. ती लॅबमध्ये नसेल तर ती बाटलीही तिथं नको.