तेरा अब्ज युरो नको म्हणणारे सरकार

प्रश्न : माझा मुलगा डब्लिनमध्ये एका अमेरिकी कंपनीत नोकरीला आहे. अ‍ॅपल कंपनीकडून १३ अब्ज युरोंचा थकलेला कर वसूल करा, असा आदेश युरोपीय आयोगाने दिल्यावर आयर्लंडचे सरकारच त्याविरुद्ध न्यायालयात गेले, असे त्याच्याकडून समजले. स्वतःच्या तिजोरीत येणारा पैसा एखादे सरकार का नाकारेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मुलाने सांगितले ते खरे आहे. हा आदेश ३० ऑगस्ट २०१६ रोजी निघाला. आयर्लंडमधील कंपनी कराचा सर्वसाधारण दर त्या वेळी साडेबारा टक्के होता आणि त्याला आयोगाची काहीच हरकत नव्हती, कारण कराचा दर ठरवण्याचा अधिकार युरोपीय संघात प्रत्येक सदस्य देशाकडेच आहे. हरकत होती ती एकाच कंपनीला दिलेल्या वेगळ्या वागणुकीला. युरोपीय कायद्यानुसार निवडक कंपनीला सरकारी मदत देता येत नाही आणि आयर्लंडच्या कर खात्याने १९९१ व २००७ साली अ‍ॅपलच्या उपकंपन्यांना दिलेले निर्णय ही अशीच मदत आहे, असे आयोगाचे म्हणणे होते.

ही मदत नेमकी कशी होती, हे थोडे सविस्तर पाहावे लागेल. कॉर्क शहरातील 'अ‍ॅपल सेल्स इंटरनॅशनल' ही उपकंपनी कारखानदारांकडून फोन व संगणक विकत घेई आणि युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका व भारत या बाजारपेठांत विकी. ग्राहक पॅरिसचा असो वा मुंबईचा, या विक्रीवरचा नफा कॉर्कच्या वहीत जमा होई. मग कर खात्याच्या त्या निर्णयांनुसार वहीतच त्याचे दोन भाग पडत : एक छोटा भाग आयर्लंडमधील शाखेचा आणि उरलेला जवळजवळ सगळा 'मुख्य कार्यालया'चा. या मुख्य कार्यालयाला ना जागा होती, ना कर्मचारी. कंपनी जेथून चालवली जाते तेथे ती कराच्या दृष्टीने रहिवासी, असे आयर्लंडचा तेव्हाचा कायदा मानत असे. तर जेथे तिची नोंदणी झाली तेथे ती रहिवासी, असे अमेरिकेचा कायदा मानतो. नोंदणी आयर्लंडमध्ये आणि कारभार अमेरिकेतून, अशी रचना केल्यामुळे ही कंपनी कोणत्याच देशाची रहिवासी ठरत नव्हती. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे २०१३ साली ही गोष्ट उघड झाली, तेव्हा करतज्ज्ञ सोडून बाकी सगळ्यांना तिचे आश्चर्य वाटले.

आकडे पाहिले की या रचनेचा परिणाम ध्यानात येतो. २०११ साली या उपकंपनीचा नफा सुमारे १६ अब्ज युरो होता आणि त्यांपैकी आयर्लंडमध्ये करपात्र धरला गेला तो सुमारे ५ कोटी युरोंचा भाग. आयोगाच्या हिशोबाप्रमाणे २००३ मध्ये प्रत्यक्ष कराचा दर एक टक्का होता. २०१४ पर्यंत तो ०.००५ टक्क्यांवर आला, म्हणजे दहा लाख युरोंच्या नफ्यामागे पन्नास युरो.

आता आपला मूळ प्रश्न. आयर्लंडच्या दृष्टीने १३ अब्ज युरो ही एकदाच मिळणारी रक्कम होती, तर गुंतवणूकदारांना दिलेला शब्द हे त्या देशाचे कित्येक दशकांचे भांडवल होते. निर्यातीच्या नफ्यावर सूट देण्याचे धोरण तेथे १९५६ साली सुरू झाले. पुढे कारखानदारीसाठी दहा टक्क्यांचा दर आला आणि २००३ पासून व्यापारी उत्पन्नावर सरसकट साडेबारा टक्के. अ‍ॅपल स्वतः १९८० पासून कॉर्कमध्ये आहे. कर खात्याने लेखी दिलेला निर्णय पंचवीस वर्षांनी फिरवला गेला, तर बाकीच्या कंपन्या आपल्या कागदपत्रांकडे संशयाने पाहू लागतील, ही त्या सरकारची खरी धास्ती होती. शिवाय हा पैसा आपला नाहीच, असे म्हणणे आयर्लंडला सोयीचे होते, कारण तो आपला आहे असे मान्य करणे म्हणजे आपण एका कंपनीला गुपचूप सवलत दिली हे मान्य करण्यासारखे झाले असते. कनिष्ठ न्यायालयाने जुलै २०२० मध्ये आयोगाचा आदेश रद्द केला, पण १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो अंतिमतः कायम केला आणि तोवर तिऱ्हाइताकडे ठेवलेली, व्याजासह सुमारे १४ अब्ज युरोंची रक्कम आयर्लंडला घ्यावीच लागली.

माझ्या मते आयर्लंडचे वागणे मूर्खपणाचे मुळीच नव्हते; आपल्या फायद्याचा त्यांचा हिशोब पक्का होता. मात्र त्या फायद्याची किंमत इतर देशांच्या तिजोऱ्यांनी मोजली. स्वतः आयर्लंडलाही एक चमत्कारिक अडचण झाली. कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंटसारखे हक्क, कागदोपत्री तेथे हलवली, तिच्यावरची कमाई तेथील उत्पादनात धरली गेली आणि २०१५ साली देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. डब्लिनच्या रस्त्यावर ही वाढ कोणालाही दिसली नाही. पुढे तेथील सांख्यिकी कार्यालयाला अशा गोष्टी वगळून राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे वेगळे माप तयार करावे लागले.

प्रश्न : भारतानेही कंपनी कर आयर्लंडइतका कमी केला, तर या कंपन्या आपल्याकडे का येणार नाहीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गल्लीत नव्याने उघडलेले दुकान भाव उतरवू शकते, कारण त्याचे जुने गिऱ्हाईक थोडे असते, मोठ्या पेठेतल्या जुन्या दुकानाने तोच भाव लावला, तर जे गिऱ्हाईक एरवीही आलेच असते त्यालाही सूट द्यावी लागते. आयर्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे आणि तेथील कंपनी कराचा मोठा भाग मूठभर परदेशी कंपन्यांकडून येतो. भारतात दर कमी केला की आधीपासून येथेच असलेल्या, कोठेही न जाणाऱ्या हजारो कंपन्यांचाही कर घटतो.

हा अनुभव आपण घेतला आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्के केला. अधिभार व उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. नव्या कारखानदारी कंपन्यांना १५ टक्क्यांचा दर दिला. या निर्णयामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज सरकारनेच सांगितला होता. नव्या कंपन्यांसाठीच्या दराची मुदत एकदा वाढवून ३१ मार्च २०२४ पर्यंत नेली, त्यानंतर मात्र वाढवली नाही. अलीकडच्या वर्षांत वैयक्तिक प्राप्तिकराची वसुली कंपनी कराच्या पुढे गेली आहे, याकडे पगारदार वाचकांचे लक्ष गेलेच असेल.

शिवाय दर हा या स्पर्धेचा केवळ दर्शनी भाग आहे. हिंजवडीत बसलेला अभियंता एखाद्या परदेशी समूहासाठी प्रणाली लिहितो, तेव्हा तिची मालकी बहुधा परदेशातील कंपनीकडे असते आणि येथील उपकंपनीला झालेला खर्च व त्यावर काही टक्के एवढेच मिळते. आपल्याकडे कर लागतो तो या काही टक्क्यांवर. ते किती असावेत यावरून कर खाते आणि कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात. तिजोरीच्या दृष्टीने मला हे वाद दरातील एक-दोन टक्क्यांच्या कपातीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटतात.

प्रश्न : जगभर १५ टक्के किमान कर ठरल्याचे वाचले होते. त्याचे पुढे काय झाले?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी त्याला संमती दिली होती. त्या कराराचे दोन भाग होते. विक्री जेथे होते त्या देशांना नफ्यावर कर लावण्याचा काही हक्क द्यावा, हा पहिला भाग भारतासारख्या मोठ्या बाजारपेठेच्या अधिक कामाचा होता आणि नेमका तोच रखडला. दुसरा भाग किमान कराचा : ७५ कोटी युरोंपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या समूहाने कोठे १५ टक्क्यांपेक्षा कमी कर भरला, तर फरकाची रक्कम मूळ कंपनीच्या देशाने वसूल करावी. हा भाग युरोपात २०२४ पासून लागू होऊ लागला, परंतु जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे जी-७ देशांनी अमेरिकी समूहांना या फरकवसुलीतून वगळण्याचे मान्य केले.

तरीही सगळेच मोडीत निघालेले नाही. फरक दुसऱ्या देशाने नेण्याऐवजी आपणच घेतलेला बरा, या विचाराने आयर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून मोठ्या समूहांसाठी स्वतःचा पूरक कर लावून दर १५ टक्क्यांवर नेला आणि जी-७ देशांच्या सवलतीतून हा देशांतर्गत पूरक कर सुटलेला नाही. त्यामुळे डब्लिन आणि कॉर्कमधील अमेरिकी उपकंपन्यांना तो भरावाच लागतो.